क्लार्क्सडेल : रोज रात्री वाजणारं गाव

बुधवार

अमेरिकेतलं मेम्फिस सोडून हायवे ६१ ने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात रस्ता टेकाड उतरून सपाटीला लागतो. मग दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर नांगरलेली जमीन. मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधला हा गाळाचा पट्टा, इथल्या भाषेत डेल्टा, मेम्फिसपासून विक्सबर्गपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे. मी खामगावची. वडिलांची सगळी हयात जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली, त्यामुळे कुठेही गेले तरी माझं लक्ष आधी मातीकडे जातं. एप्रिल चालू होता. मक्याचे कोंब वर आले होते, कपाशीची पेरणी व्हायची होती, सऱ्यांमधून पावसाचं पाणी साचलं होतं.

या मातीचा आणि वऱ्हाडाचा एक जुना संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मग वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला, मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपलं तसा बाजार कोसळला. त्यानंतरच्या काही दशकांत इथे डेल्टात दलदलीतलं रान तोडून नव्याने शेतं काढली गेली, आणि ती काढणारे हात गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांचे होते. जमीन गोऱ्या मालकाची, कष्ट यांचे, आणि वर्षाअखेरीला हिशेब मालकाच्या वहीत. बियाणं, पीठमीठ, कपडालत्ता सगळं मालकाच्याच दुकानातून उधारीवर. बटाईने शेती करणाऱ्याच्या अंगावर कर्ज कसं राहतं हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ब्लूज, म्हणजे या कृष्णवर्णीयांचं गाणं, उभा राहिला तो इथे, याच हिशेबातून.

गाडी वहिनी चालवत होत्या. माझा मावसभाऊ मेम्फिसला नोकरीला आहे, त्याला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघीच निघालो. “ताई, निळ्या पाट्या बघत राहा,” वहिनी म्हणाल्या. २००६ पासून मिसिसिपी राज्याने ब्लूजशी नातं असलेल्या जागांवर माहितीच्या निळ्या पाट्या लावायला सुरुवात केली; आता त्या दोनशेच्या वर आहेत. कुणाचं जन्मगाव, कुणाची कबर, कधी रेल्वे स्टेशन, कधी नुसतं शेत.

दीड तासात क्लार्क्सडेल आलं. २०२० च्या जनगणनेत या गावाची वस्ती जेमतेम १५ हजार भरली. मुख्य रस्त्यांवर विटांच्या जुन्या इमारती आहेत, त्यांतल्या कितीतरी बंद, काचांवर फळ्या ठोकलेल्या. मधून सनफ्लॉवर नावाची संथ नदी जाते. आणि या एवढ्याशा गावात आठवड्याच्या सातही रात्री कुठे ना कुठे ब्लूज वाजतो. हे ऐकून होते, खरं वाटत नव्हतं.

ते कसं जमतं याचं निम्मं उत्तर डेल्टा अव्हेन्यूवरच्या ‘कॅट हेड’ या दुकानात मिळतं. रॉजर स्टोल नावाचे गृहस्थ सेंट लुईसची जाहिरात क्षेत्रातली नोकरी सोडून २००२ मध्ये इथे आले आणि त्यांनी हे दुकान काढलं. रेकॉर्ड, पुस्तकं, डेल्टातल्या कलाकारांनी रंगवलेले पत्रे आणि फळ्या असा सगळा माल. पण लोक आधी विचारतात ते या आठवड्यात कुठे कोण वाजवणार याची यादी. वादक गावात पूर्वीही होते, वाजवायच्या जागाही होत्या. बाहेरच्या माणसाला मात्र कुठल्या रात्री कुठलं दार उघडं असतं ते कळायला मार्ग नव्हता. मग एकाच रात्री दोन ठिकाणी कार्यक्रम आणि पुढच्या दोन रात्री सगळीकडे कुलूप, असं व्हायचं. तारखा जुळवणं, एकमेकांना फोन करणं, यादी छापणं हे काम कोणीतरी दर आठवड्याला न चुकता करतं म्हणून बाहेरून आलेला माणूस एका रात्रीऐवजी चार रात्री राहतो. संगीत टिकवण्याच्या गप्पा आपण खूप मारतो. कॅट हेडची ती यादी हातात घेतल्यावर मला वाटलं, टिकवणं म्हणजे मुळात हे.

संध्याकाळी ‘ग्राउंड झीरो’ला गेलो. २००१ मध्ये सुरू झालेला हा क्लब अभिनेता मॉर्गन फ्रीमन आणि त्याच्या स्थानिक मित्रांनी काढला. इमारत पूर्वी किराणा आणि कापसाचा व्यापार करणाऱ्या कंपनीची. हे वाचल्यावर मी आत शिरताच वर पाहिलं, उंच छत, लाकडी तुळया, आणि मनातल्या मनात गठाणी कुठे रचत असतील याचा अंदाज बांधला. आता भिंतींवर, खांबांवर, टेबलांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी केलेल्या सह्यांचा थर आहे. बँड चांगला होता, आवाज नको इतका मोठा. जागा पाहण्यासारखी, पण ज्यासाठी आलो होतो ते दुसऱ्या दिवशी भेटलं.

गुरुवार

सकाळी डेल्टा ब्लूज म्युझियम. १९७९ मध्ये गावच्या ग्रंथालयात एका ग्रंथपालाने हे सुरू केलं. १९९९ पासून ते १९१८ सालच्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत आहे. आतली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सचं घर, म्हणजे त्यातलं जे उरलं ते: गावाबाहेरच्या स्टोव्हॉल मळ्यावरच्या त्याच्या खोपटाचे लाकडी ओंडके. तो तिथे ट्रॅक्टर चालवायचा आणि शनिवारी रात्री याच घरात लोकांना जमवून वाजवायचा. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातर्फे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आले. मडीने स्वतःचा आवाज यंत्रातून पहिल्यांदा ऐकला. दोन वर्षांत त्याने शिकागोची गाडी पकडली, आणि पुढे विजेच्या गिटारवर जे वाजलं त्याने सगळ्या जगाचं रॉक संगीत घडवलं.

ओंडक्यांवर कुऱ्हाडीचे घाव स्पष्ट दिसतात. मी बराच वेळ तिथे उभी होते.

पण या संग्रहालयाबद्दल लिहायचं ते वस्तूंसाठी नाही. शाळा सुटल्यावर गावातली मुलं इथे गिटार, बास, ड्रम शिकायला येतात. शिकवणारे वाजवून पोट भरलेले वादक. क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्रम हा १९९९ मध्ये जन्मलेला मुलगा याच वर्गातून शिकला. त्याच्या ‘६६२’ या अल्बमला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. ६६२ हा उत्तर मिसिसिपीचा टेलिफोनचा एरिया कोड. डेल्टाबाहेर लोकांना वाटतं की ब्लूज म्हणजे म्हाताऱ्यांचं गाणं, ते गेले की संपलं. इथे विशीतल्या, पंचविशीतल्या पोरांनी बँड बांधलेले आहेत. आणि ते लहानपणी शिकले ते म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच मंचावर मागे उभं राहून. जो मुलगा शिकतोय त्याला लगेच कुठल्या तरी रात्री दोन गाणी वाजवायला मिळतात. शिकणं आणि वाजवणं यांत दहा वर्षांची रांग नाही.

दुपारी सनफ्लॉवर अव्हेन्यूवरचं रिव्हरसाइड हॉटेल बाहेरून पाहिलं. १९४४ मध्ये ते हॉटेल झालं, त्याआधी ते कृष्णवर्णीयांचं रुग्णालय होतं. १९३७ च्या २६ सप्टेंबरला बेसी स्मिथ ही थोर गायिका हायवे ६१ वर झालेल्या अपघातानंतर इथे वारली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला नाकारलं ही कथा जगभर पसरली आहे. ती खरी नाही. अपघातस्थळी पोचलेल्या डॉक्टरनेच पुढे सांगितलं की तिला सरळ इथेच आणलं गेलं. त्या काळात कृष्णवर्णीय रुग्णाला गोऱ्यांच्या दारात न्यायचा विचारही कुणाच्या मनात आला नसता. मला ही खरी हकीकत त्या कथेपेक्षा जास्त भयंकर वाटते. पुढे हॉटेल झाल्यावर रस्त्यावर असणारे कलावंत इथे उतरायचे, कारण गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना प्रवेश नव्हता. आयक टर्नर इथेच राहायचा. २०२० च्या वादळात इमारतीचं नुकसान झालं आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या धोक्यात आलेल्या वारसास्थळांच्या यादीत तिचं नाव आलं. ती परत उभी राहावी असं गावातल्या प्रत्येकाला वाटतं.

रात्री ‘रेड्स लाउंज’. नदीच्या काठी एक बसकी इमारत, बाहेर मांस भाजायची भट्टी. दाराशी रोख पैसे द्यायचे. आत छत इतकं खाली की उंच माणसाचा हात सहज टेकेल, आणि सगळीकडे लाल दिव्यांचा उजेड. मंच नाहीच. जमिनीवर एक सतरंजी, त्यावर ड्रम, दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक खुर्ची. वादक आणि पहिली रांग यांत हातभर अंतर. ‘जूक जॉइंट’ म्हणतात ते हेच: शेतावर राबणाऱ्यांनी आठवड्याच्या शेवटी प्यायला, नाचायला, ऐकायला काढलेली आपली जागा. रेड पेडन यांनी ही जागा कितीतरी वर्षं चालवली. २०२३ च्या डिसेंबरच्या अखेरीस ते गेले. त्यांच्या माघारी रेड्स बंद पडेल अशी भीती होती. घरच्यांनी दार उघडं ठेवलं.

खुर्चीवर सत्तरी ओलांडलेले एक आजोबा बसले. डाव्या करंगळीत धातूची नळी, मांडीवर गिटार. गाण्याची बांधणी साधी: बारा मात्रांच्या नव्हे, बारा मापांच्या (एका मापात चार मात्रा) आवर्तनात तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर अर्धी जागा गिटारसाठी मोकळी सोडलेली असते. आजोबा ओळ अर्ध्यावर तोडायचे आणि उरलेली गिटारकडून म्हणवून घ्यायचे. ती नळी तारेवरून घसरत कोमल गंधाराला यायची आणि तिथे थांबायची नाही, किंचित वर चढायची. शुद्ध गंधाराला मात्र पोचायची नाही. त्या मधल्या जागेतच सगळं दुःख भरलेलं. पेटीवर ती जागा नाही. पियानोवरही नाही, म्हणून पियानोवाले दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबून तिचा भास करतात. गळा आणि तार मात्र तिथे नेमकी जाऊन बसतात.

बऱ्याचदा ते बारा मापंही पाळत नव्हते. शब्द लांबला तर साडेतेरा होई, आणि ड्रमवरचा पोरगा त्यांच्या खांद्याकडे डोळे लावून बसलेला. खांदा हलला की समेवर यायचं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे वाकून सांगितलं, “हा त्यांचा नातेवाईक नाही हो, पण तेरा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागे वाजवतोय.” मध्यंतरात प्लास्टिकची बादली फिरली. ऐकायला येणाऱ्याने तिच्यात घसघशीत टाकावं. दाराच्या पैशात बँडमधल्या चौघांचं भागत नाही.

शुक्रवार

सकाळी पश्चिमेला निघालो, मिसिसिपीवरचा पूल ओलांडून आर्कान्सामधल्या हेलेनाला. पन्नासेक किलोमीटर. इथल्या केएफएफए रेडिओ केंद्रावर १९४१ च्या नोव्हेंबरात ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला. किंग बिस्किट हे पिठाचं नाव. पिठाच्या कंपनीने पैसे दिले आणि सनी बॉय विल्यमसन हार्मोनिका घेऊन, रॉबर्ट लॉकवुड गिटार घेऊन रोज दुपारी सव्वाबाराला थेट वाजवू लागले. वेळ मुद्दाम साधली होती: शेतावरची माणसं दुपारच्या जेवणाला घरी यायची तेव्हा. कार्यक्रमात रात्री आपण कुठे वाजवणार तेही सांगून टाकायचं. मिसिसिपीच्या पलीकडे राहणाऱ्या बी. बी. किंगसारख्या पोरांनी शेतातून येऊन हे ऐकलं आणि आपणही असं वाजवावं असं ठरवलं.

सनी पेन यांनी १९५१ पासून २०१८ मध्ये मरेपर्यंत निवेदन केलं. कार्यक्रम आजही सोमवार ते शुक्रवार त्याच वेळी लागतो, डेल्टा कल्चरल सेंटरमधून. स्टुडिओला काच आहे, बाहेर उभं राहून बघता येतं. आम्ही उभ्या राहिलो. सव्वाबाराला घंटा, घोषणा, मग जुनी रेकॉर्ड. पाहुण्यांना कुठून आलात असं विचारून ते प्रसारणात सांगतात. वहिनींनी “महाराष्ट्र, इंडिया” असं खणखणीत सांगितलं.

हेलेनात २०१९ मध्ये उभारलेलं एलेन हत्याकांडाचं स्मारक आहे, तेही पाहावं. १९१९ मध्ये याच परगण्यात कापसाचा रास्त भाव मिळावा म्हणून बटाईदार कृष्णवर्णीय शेतकरी संघटना बांधू लागले. जमावांनी आणि सैन्याने त्यांना घेरून मारलं; मेलेल्यांचा नेमका आकडा कधी ठरलाच नाही, इतके मेले. गाण्यांत मालकाचं नाव का येत नाही, तक्रार नेहमी निघून गेलेल्या बाईबद्दल किंवा न थांबणाऱ्या गाडीबद्दल का असते, हे त्या स्मारकापाशी उभं राहिल्यावर उमगतं.

परतताना स्टोव्हॉलची निळी पाटी. शेत, वारा, आणखी काही नाही.

शनिवार

‘जूक जॉइंट फेस्टिव्हल’चा दिवस. २००४ पासून दर एप्रिलमध्ये भरतो. ब्लूज आणि गावची जत्रा असं दोन्ही एकत्र. दिवसा रस्ते वाहनांना बंद, दुकानांसमोर लहान लहान मंच, आणि तिथलं सगळं ऐकणं विनामूल्य. पोरांसाठी डुकरांच्या शर्यती लागतात. तळलेला मांगूर, आणि हॉट टमाले: मक्याच्या पिठात तिखट मांस भरून मक्याच्या सालात गुंडाळून रश्शात शिजवलेले. मेक्सिकोचा हा पदार्थ शंभर वर्षांपूर्वीपासून डेल्टाच्या शेतमजुरांच्या डब्यात आहे. थंड झाला तरी चांगला लागतो म्हणून शेतावर सोयीचा.

मी एका कोपऱ्यावर खिळले. एका माणसाने लाकडी फळीवर दोन खिळे ठोकून एकच तार ताणली होती. तारेखाली एका टोकाला आडवी बाटली सरकवलेली, घोडी म्हणून. डाव्या हातात औषधाची लहान बाटली, ती तारेवरून पुढेमागे सरकवायची, उजव्या हाताने तार छेडायची. याला डिडली बो म्हणतात. पूर्वी केरसुणीला बांधलेली तार सोडवून मुलं ती घराच्या भिंतीवर ठोकायची; मग सगळं घरच घुमायचं. डेल्टातल्या कितीतरी गिटारवाल्यांचं पहिलं वाद्य हेच. मी हातात घेऊन छेडलं आणि आमच्याकडच्या गोंधळ्यांचं तुणतुणं आठवलं: एक तार, पण गाणाऱ्याला पुरेसा आधार. फरक इतकाच की तुणतुणं सूर धरून ठेवतं आणि हे बोलतं. त्या माणसाने मला बाटली किती हलकी धरायची ते दाखवलं. दाबलं की तार मुकी होते, नुसती टेकवायची.

बडी गाय या ऐंशी पार केलेल्या उस्तादाचं बालपणही लुइझियानात बटाईच्या शेतावर, अशाच तारांवर गेलं. त्यांना मी पहिल्यांदा ऐकलं ते वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्रा ब्लूज महोत्सवात. २०११ पासून मुंबईत भरणाऱ्या त्या महोत्सवाने माझ्यासारख्या कित्येकांना हे संगीत प्रत्यक्ष ऐकवलं. तिथे शिलाँगच्या ‘सोलमेट’लाही ऐकलं होतं. तेव्हा दिव्यांच्या झोतात, लांबून. इथे तेच सूर फळीवर.

दुपारी गर्दी इतकी वाढली की एका मंचाचे ड्रम दुसऱ्या मंचाच्या गाण्यात मिसळत होते. गर्दीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट जाणवते. गावात दहांतले आठ लोक कृष्णवर्णीय. रस्त्यावरचे पाहुणे मात्र बहुतेक गोरे, निम्मे युरोपातून आलेले. वाजवणारे एका रंगाचे, ऐकणारे दुसऱ्या. याबद्दल मी एका भाजी विकणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “आमचे लोक रविवारी चर्चमध्ये गातात आणि आठवडाभर गाडीत हिपहॉप ऐकतात. पण माझा नातू आज तिथे बास वाजवतोय, आणि त्याला पैसे मिळणार आहेत.” त्यांच्या बोलण्यात समाधान होतं आणि हिशेबही होता. पाहुण्यांचा पैसा गावात यावाच. पण तो हॉटेलं आणि टी-शर्टवर अडकू नये, वाजवणाऱ्याच्या हातात पडावा, हे पाहुण्याने स्वतः पाहायला हवं. सीडी वादकाकडूनच घ्यावी. बादलीत नोट टाकावी. गावातल्या माणसाच्या हातचं जेवावं.

रात्री मनगटाला पट्टी बांधली की वीसेक ठिकाणी फिरता येतं. आम्ही तीनच ठिकाणं केली. एका जागी टेकड्यांकडचा ब्लूज लागला होता: उत्तर मिसिसिपीच्या टेकाडांत आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनियर किंब्रो यांनी वाढवलेली रीत. तिच्यात बारा मापांचा फेरा नाही, स्वरसंगती बदलत नाही. एकच धून, एकच खर्ज, वीस वीस मिनिटं. लय मात्र पायांना बसू देत नाही. वहिनी, ज्यांना आतापर्यंत सगळं ‘जरा रडकं’ वाटत होतं, त्या उठून नाचल्या.

रविवार

उशिरा उठलो. दुपारभर कॅट हेडसमोर रस्त्यावरच वादन चालू होतं. महोत्सवाला आलेले आणि अजून न गेलेले सगळे तिथे. आरामशीर, कालच्यापेक्षा बरं.

संध्याकाळी गावाबाहेर हॉप्सन मळा. १९४४ मध्ये इथे पेरणीपासून वेचणी आणि गठाण बांधण्यापर्यंत सगळं पीक यंत्राने काढून दाखवलं गेलं, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या वेचणी यंत्राने. लाल रंगाचं तसलं यंत्र अजून आवारात आहे. मी त्याच्या भोवती फिरून चात्या पाहिल्या, ज्या बोंडातून कापूस ओढून घेतात. आमच्याकडे आजही बाया कमरेला ओटी बांधून वेचतात, बोंडाच्या काट्यांनी बोटं फाटतात. या यंत्राने ते कष्ट संपवले हे खरं. पण त्याबरोबर लाखो माणसांची गरजच संपवली. ती माणसं आधीच निघू लागली होती, आता लोंढाच लागला: क्लार्क्सडेलच्या स्टेशनवरून इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागो. ब्लूज त्यांच्याबरोबर गेला आणि विजेचा झाला. पाइनटॉप पर्किन्स याच मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. पुढे मडी वॉटर्सचा पियानोवादक झाला आणि २०११ मध्ये, ९७ व्या वर्षी, ग्रॅमी घेऊन त्याच वर्षी गेला.

अशा मळ्यांवरची बटाईदारांची जुनी खोपटी हल्ली दुरुस्त करून पर्यटकांना राहायला देतात. वातानुकूलन, दाराशी गंजलेली मोटार, फोटोसाठी. हौसेने राहणारे पुष्कळ भेटले. माझं मन तयार झालं नाही. ज्या घरातून माणसं रात्रीतून पळून गेली ते घर पाहायला ठेवावं, त्याचा हिशेब भिंतीवर लिहावा; तिथे सुट्टी घालवावी असं मला वाटत नाही. वहिनींचं मत वेगळं: भाड्याच्या पैशाने निदान ती पडली तरी नाहीत.

सोमवार

निघायच्या दिवशी आधी टटवायलर. क्लार्क्सडेलपासून पंचवीसेक किलोमीटर. १९०३ मध्ये इथल्या स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत असताना डब्ल्यू. सी. हँडी या शिकलेल्या बँडमास्तरने एक फाटक्या कपड्यांतला माणूस सुरीचं पातं तारांवर दाबून गिटार वाजवताना ऐकला. हँडीने ते सूर पुढे कागदावर आणले आणि छापले. त्या वादकाचं नाव मात्र कुणी विचारलं नाही. स्टेशनाची इमारत आता नाही. जवळच रानात सनी बॉय विल्यमसनची कबर आहे. लोक तिच्यावर हार्मोनिका ठेवून जातात, त्या पावसाने गंजतात, नव्या येतात. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली तेव्हा त्याचं शव शिकागोला पाठवण्याआधी याच गावात तयार केलं गेलं. एवढंसं गाव, आणि काय काय पाहिलेलं.

दुपारी मेम्फिसला निघायचं होतं, पण मीच वहिनींना आणखी एक रात्र थांबायला लावलं. मला सोमवार पाहायचा होता. पाहुणे गेलेले, रस्ते झाडून झालेले, मंच उतरवलेले. यादीत तरीही एक नाव होतंच. गेलो तर दहा-बारा माणसं, त्यांत शनिवारच्या मंचावरचे तिघे ऐकायला बसलेले. गाणारा तितक्याच ताकदीने गायला. मध्येच त्याने खाली बसलेल्यांतल्या एकाला हाक मारली, आपली गिटार त्याच्या हातात दिली आणि स्वतः बास घेतला. मग ड्रमवाला बदलला. तासाभरात मंचावरचे आणि खालचे सगळे एकेकदा वर जाऊन आले.

तिथेच मी पुढच्या तारखा लिहून घेतल्या, ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी देते. जूनमध्ये बेंटोनियाचा महोत्सव: क्लार्क्सडेलपासून दोनेक तासांवरचं खेडं, तिथे १९४८ पासूनचा ब्लू फ्रंट कॅफे जिमी ‘डक’ होम्स चालवतात, आणि जुन्या पिढीतल्या ब्लूज गायक स्किप जेम्सच्या गावची ती उदास, कोमल स्वरांत जुळवलेली गिटार आता फक्त तिथेच मुळापासून ऐकायला मिळते. ऑगस्टमध्ये क्लार्क्सडेललाच सनफ्लॉवर रिव्हर ब्लूज अँड गॉस्पेल फेस्टिव्हल, १९८८ पासून. सप्टेंबरच्या सुरुवातीला रेड्समध्ये जुन्या वादकांचा मेळा, आणि त्याच महिन्यात ग्रीनव्हिलला १९७८ पासून चालत आलेला डेल्टा ब्लूज अँड हेरिटेज. ऑक्टोबरमध्ये हेलेनाला किंग बिस्किट फेस्टिव्हल, १९८६ पासून, आणि त्याच सुमारास हॉप्सनला पाइनटॉपच्या नावाने वादकांची घरवापसी. नेमके दिवस दरवर्षी थोडे सरकतात, ते कॅट हेडच्या यादीत पाहावेत. महोत्सवाला यायचं तर खोली सहा-आठ महिने आधी सांगून ठेवावी. गाडी हवीच, बसची सोय धरून चालू नये. रोख डॉलर जवळ असू द्यावेत, सुटे.

आमचं दोघींचं एकमत होत नाही. मला ऑक्टोबरात यायचं आहे, कारण तेव्हा बोंडं फुटलेली असतील आणि यंत्र शेतात चालताना बघता येईल. वहिनी ऑगस्टवर अडून बसल्या आहेत. उकाडा असला तरी त्यांना गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, ऐकायचंय, आणि शनिवारच्या त्या टेकडीवाल्या बँडची तारीख ऑगस्टात आहे असं त्यांनी ड्रमवाल्या पोराला विचारून पक्कं केलंय.